चाळिशीनंतर वजन उतरवताना: पहिल्यांदाच सुरुवात करणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

चाळिशी उलटल्यावर वजन कमी करायला निघालेली बहुतेक मंडळी तपासणीचा एखादा अहवाल हातात आल्यावरच जागी होतात. उपाशीपोटी साखर सीमारेषेवर आलेली असते, सोनोग्राफीत यकृतावर चरबी दिसलेली असते, रक्तदाब वर सरकलेला असतो आणि जिना उतरताना गुडघे कुरकुरू लागलेले असतात. मीही अशाच एका अहवालानंतर या कामाला लागले. तेव्हा सल्ला देणाऱ्यांची मुळीच वानवा नव्हती, पण आधी काय करायचे आणि नंतर काय, हे मात्र कोणी सांगत नव्हते. म्हणून हा लेख क्रमाने लिहिला आहे.

या वयात उतरवायची आहे ती चरबी, त्यातही पोटातली. स्नायू मात्र जपायचे आहेत. काटा झपाट्याने खाली आला आणि त्यात निम्मे स्नायूच गेले, तर साठीत जमिनीवरून उठताना हाताला आधार लागेल. पुढील प्रत्येक पायरी याच हेतूने लिहिली आहे.

एक गैरसमज मात्र सुरुवातीलाच दूर करायला हवा. ‘वयामुळे चयापचय मंदावले, आता काय करणार’ हे वाक्य आपण सगळेच म्हणतो. २०२१ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात सहा हजारांहून अधिक माणसांच्या ऊर्जाखर्चाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. शरीराच्या आकारमानाचा हिशेब धरल्यावर विशीपासून साठीपर्यंत चयापचयाचा वेग जवळजवळ स्थिर राहतो, असे त्यात आढळले. मग पोट सुटते ते कशाने? स्नायू वापराअभावी घटतात, दिवसभरातील हालचाल कमी होते, झोप तुटक होते. स्त्रियांमध्ये रजोनिवृत्तीच्या सुमारास, म्हणजे आपल्याकडे साधारण सेहेचाळीस-सत्तेचाळिसाव्या वर्षाच्या आगेमागे, इस्ट्रोजेन घटल्यामुळे चरबी मांड्यांऐवजी पोटावर साठू लागते. (पुरुषांचे पोट बहुधा त्याच्या बरेच आधी सुटलेले असते.) यांतील बऱ्याच गोष्टींवर उपाय आहे.

१. आधी डॉक्टरांना भेटा

आहार बदलण्यापूर्वी नेहमीच्या डॉक्टरांची भेट घ्यावी. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणारे, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा विकार असणारे, पित्ताशयात खडे असणारे यांनी तर या पायरीला फाटा देऊच नये. जाताना पुढील गोष्टी सोबत न्याव्यात:

- गेल्या दोन-तीन वर्षांतील रक्ततपासण्यांचे अहवाल, तारखेनुसार लावलेले
- चालू असलेल्या सर्व औषधांची यादी. त्यात आयुर्वेदिक, होमिओपॅथिक आणि दुकानातून आपणहून आणलेली औषधेही आली
- आई-वडील व भावंडांपैकी कोणाला मधुमेह, हृदयविकार, थायरॉइड किंवा पक्षाघात झाला असल्यास त्याची नोंद, शक्य तर कोणत्या वयात झाला यासह
- घरी मोजलेल्या रक्तदाबाचे आकडे, यंत्र असल्यास

साधारणपणे सीबीसी (रक्तातील पेशींची मोजणी), उपाशीपोटी साखर, एचबीए१सी (गेल्या सुमारे तीन महिन्यांतील साखरेची सरासरी), लिपिड प्रोफाइल (रक्तातील चरबी), टीएसएच (थायरॉइडसाठी), क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी) आणि एसजीपीटी (यकृतासाठी) एवढ्या तपासण्या सुरुवातीला पुरतात. शाकाहारी असाल किंवा मधुमेहाची मेटफॉर्मिन ही गोळी चालू असेल तर बी-१२ हे जीवनसत्त्वही तपासून घ्यावे. एचबीए१सी ५.७ च्या खाली असेल तर ठीक, ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा, आणि ६.५ किंवा त्याहून अधिक म्हणजे मधुमेह, असे ढोबळमानाने समजावे. ऐंशी-नव्वद तपासण्यांच्या सवलतीच्या ‘पॅकेज’ची या कामासाठी गरज नसते. त्यातला एखादा किरकोळ आकडा लाल अक्षरांत छापून येतो आणि माणूस महिनाभर त्याच काळजीत राहतो.

औषधांची यादी दाखवताना आणखी एक प्रश्न आवर्जून विचारावा: यांपैकी कोणत्या औषधाने वजन वाढते का? स्टेरॉइड, इन्सुलिन, मधुमेहाच्या काही गोळ्या, काही मनोविकारांवरची औषधे आणि फिट्सवरचे व्हॅल्प्रोएट यांनी वजन वाढू शकते. काही वेळा पर्यायी औषध असते, काही वेळा नसते. परंतु आपल्या मनाने कोणतेही औषध बंद करू नये. थायरॉइडविषयीही तेवढेच सांगते. थायरॉइड मंद असल्यामुळे वाढणारे वजन बहुतेकांच्या बाबतीत थोडेच असते आणि त्यात पाण्याचा वाटा मोठा असतो. गोळीने टीएसएच जाग्यावर आल्यानंतरही जे वजन उरते, त्याचे कारण अन्यत्र शोधावे लागते.

रात्री मोठ्याने घोरणे, मध्येच श्वास अडकून दचकून जाग येणे आणि दिवसा गाडीत बसताच डोळा लागणे, ही लक्षणे असतील तर तीही डॉक्टरांना सांगावीत. झोपेत श्वास अडण्याच्या या विकाराने थकवा येतो आणि भूकही वाढते.

२. मोजमापाचे साहित्य जमवा

फार काही लागत नाही. शिंप्याकडे असते तशी कापडी टेप, घरातला वजनकाटा, स्वयंपाकघरातला छोटा डिजिटल काटा, मापाचे चमचे आणि एक साधी वही. मनगटावरचे घड्याळ नसले तरी अडत नाही.

यांतील टेप सर्वांत महत्त्वाची. कंबर मोजताना उभे राहावे, बरगड्यांचे खालचे टोक आणि नितंबाच्या हाडाचा वरचा काठ यांच्या मधोमध टेप आडवी धरावी, नेहमीसारखा श्वास सोडावा आणि पोट आत न ओढता आकडा वाचावा. पँटचा कंबरपट्टा बहुतेकांच्या बाबतीत पोटाच्या खाली घसरलेला असतो, त्यामुळे पँटचा नंबर म्हणजे कंबर नव्हे. भारतीयांसाठी पुरुषांमध्ये ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांमध्ये ८० सेंटिमीटर ही मर्यादा धरली जाते. त्याहून सोपी कसोटी अशी की कंबर उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी असावी.

वजनाला उंचीच्या वर्गाने भागून येणारा बीएमआयही काढून ठेवावा, पण भारतीयांचे निकष वेगळे आहेत हे लक्षात असू द्यावे: आपल्याकडे २३ च्या पुढे वजन जास्त आणि २५ च्या पुढे स्थूलता मानतात. यामागे पुण्याचा एक संदर्भ आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे प्रा. जॉन युडकिन या दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३ होता. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के भरली. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोघांच्या छायाचित्रासह हे प्रसिद्ध झाले. आपण दिसायला बारीक असलो तरी आत चरबी बाळगून असू शकतो. ‘मी कुठे जाड आहे’ म्हणणाऱ्या, पण पोट पुढे आलेल्या वाचकाने याची विशेष दखल घ्यावी.

वजन सकाळी शौचानंतर, काही खाण्यापूर्वी, त्याच काट्यावर करावे. रोज केले तरी चालेल, पण निर्णय आठवड्याच्या सरासरीवरूनच घ्यावा. मीठ जास्त झाले, प्रवास झाला किंवा पाळी जवळ आली की किलो-दीड किलो इकडेतिकडे होतेच, आणि ती चरबी नसते.

३. ध्येय लहान ठेवा

पहिल्या सहा महिन्यांसाठी सध्याच्या वजनाच्या पाच ते दहा टक्के एवढेच ध्येय ठेवावे. ८२ किलोच्या माणसासाठी हे सुमारे चार ते आठ किलो होते. ऐकायला कमी वाटते, पण एवढ्यानेही साखर, रक्तदाब आणि यकृतातील चरबी यांत फरक पडतो. अमेरिकेतील मधुमेह प्रतिबंधाच्या २००२ च्या मोठ्या अभ्यासात उंबरठ्यावरच्या लोकांना सात टक्के वजन घटवण्याचे आणि आठवड्याला दीडशे मिनिटे हालचालीचे लक्ष्य दिले होते, आणि त्यांच्यात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. गुडघ्यांचे गणित तर आणखी सरळ आहे: शरीराचे वजन एक किलोने उतरले की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो.

आठवड्याला पाव ते अर्धा किलो हा वेग पुरेसा आहे. फार वेगाने वजन उतरवल्यास पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो, केस गळतात आणि स्नायू झडतात. पहिल्या आठवड्यात दोन किलो गेले म्हणून हुरळून जाऊ नये. यकृत आणि स्नायूंतील साठवलेली साखर वापरली जाते आणि तिच्यासोबत धरून ठेवलेले पाणी निघून जाते, ते हे वजन असते.

४. एक आठवडा काहीही न बदलता लिहून काढा

ही पायरी सर्वांना कंटाळवाणी वाटते आणि म्हणूनच गाळली जाते. सात दिवस, त्यात एक रविवार धरून, जे तोंडात गेले ते लिहावे. डब्यातून उचललेले चार शेंगदाणे, मुलांच्या ताटातली उरलेली अर्धी पोळी, चव पाहताना खाल्लेला चमचाभर शिरा आणि सहकाऱ्याच्या वाढदिवसाचा केक, हे सगळे वहीत यायला हवे. कॅलरी मोजायची नाही. फक्त वेळ, पदार्थ, वाट्या किंवा नग, आणि त्या वेळी खरोखर भूक होती का, एवढेच.

आठवड्याच्या शेवटी वही वाचल्यावर दोन-तीन ठिकाणे आपोआप समोर येतात. कोणाच्या बाबतीत दुपारी चार ते सहाची फरसाणाची वेळ असते, कोणाच्या बाबतीत रात्री दहानंतरचे टीव्हीसमोरचे चरणे. स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या वहीत ‘वाया जायला नको म्हणून’ हे कारण फार वेळा आढळते.

५. तेलाचा हिशेब मांडा

मराठी घरात बदलाची सुरुवात पोळीपासून किंवा भातापासून करण्याची पद्धत आहे. माझ्या मते ती तेलापासून करावी, कारण तेलाची एक ग्रॅमही नऊ कॅलरी देते, आणि तेल कमी केल्याने पोट रिकामे राहत नाही.

समजा चार माणसांच्या घरात महिन्याला पाच लिटरचा डबा संपतो. पाच लिटर म्हणजे सुमारे साडेचार किलो तेल. ते चार माणसे आणि तीस दिवस यांत वाटले तर माणशी दिवसाला ३७ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे सव्वातीनशेहून अधिक कॅलरी नुसत्या तेलाच्या होतात. तूप, लोणी, शेंगदाण्याचा कूट, ओले खोबरे आणि बाहेरचे खाणे यात धरलेलेच नाही. बैठे काम करणाऱ्या प्रौढांना वरून घातलेले तेल-तूप दिवसाला वीस ते पंचवीस ग्रॅम पुरते. तोच डबा तीन लिटरवर आणला की आपण या मर्यादेत येतो, आणि माणशी दिवसाला सव्वाशेहून अधिक कॅलरी कोणाला फारसे न कळता वाचतात.

करायचे ते असे. महिन्याचे तीन लिटर तेल वेगळे काढून ठेवावे आणि रोजच्या वापराच्या बरणीत आठवड्याचा हप्ता, म्हणजे सातशे मिलिलिटर, ओतावा. कढईत थेट बरणीतून तेल ओतण्याऐवजी मापाच्या चमच्याने घालावे. चार माणसांच्या भाजीला तीन-चार छोटे चमचे पुरतात. फोडणी तडतडली, भाजी परतली आणि खाली लागू लागली की आणखी तेल न सोडता पाण्याचा हबका मारावा, झाकणीवर पाणी ठेवावे आणि मंद आचेवर वाफ काढावी. झाकणीवरचे गरम पाणीच गरज पडल्यास भाजीत ओतता येते. कोबी, गवार, दोडका, घेवडा या भाज्या अशा सुरेख होतात. वांग्याची आणि भेंडीची गोष्ट निराळी, त्या तेल पितात. वांगे भाजून भरीत करावे, भेंडी आठवड्यातून एकदाच करावी.

घडीच्या पोळीत कणकेत एकदा, घडीत एकदा आणि वरून एकदा असे तीनदा तेल जाते. पोळीमागे एक छोटा चमचा धरला तरी चार पोळ्यांना सुमारे १६० कॅलरी होतात. रोज फुलके आणि सुट्टीच्या दिवशी घडीची पोळी, अशी तडजोड बहुतेक घरांत चालून जाते. कोथिंबीर वडी आणि अळूवडी उकडून, वरून फोडणी घालून खाल्ल्या तरी चव जात नाही.

घरातून विरोध होईल हे गृहीत धरावे. “तेल मोजून घालणाऱ्या घरात जेवायला कोण येईल?” असे आमच्या सासूबाई म्हणाल्या होत्या. त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. पाहुणे येत तेव्हा चमचा बाजूला ठेवायचा, एवढे ठरले आणि प्रश्न मिटला.

६. ताटात प्रथिने वाढवा

निरोगी प्रौढाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरतात, अशी भारतीय शिफारस आहे. वजन उतरवताना स्नायू टिकवण्यासाठी साधारण एक ते सव्वा ग्रॅम घ्यावे, असे आहारतज्ज्ञ बहुधा सुचवतात. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र हा आकडा डॉक्टरांकडूनच घ्यावा. म्हणजे पासष्ट-सत्तर किलोच्या व्यक्तीला दिवसाला सुमारे सत्तर ग्रॅम हवे.

आता नेहमीचा शाकाहारी दिवस पाहा: सकाळी पोहे, दुपारी पोळी-भाजी आणि पातळ वरण-भात, संध्याकाळी चहा-बिस्किटे, रात्री खिचडी किंवा पुन्हा पोळी-भाजी. यात जेमतेम पस्तीस-चाळीस ग्रॅम भरतात, आणि तेही मुख्यतः धान्यातले. ‘आम्ही रोज डाळ खातो’ हे खरे असले तरी वाटीभर पातळ वरणात वीस-पंचवीस ग्रॅमच डाळ असते आणि तिच्यातून पाच ग्रॅमच्या आसपासच प्रथिने मिळतात.

उरलेला खड्डा भरायला परदेशी काही आणावे लागत नाही. ४० ग्रॅम कोरड्या मटकीच्या उसळीतून नऊ ग्रॅम, तेवढ्याच बेसनाच्या पिठल्यातून साधारण तेवढेच, २०० ग्रॅम दह्यातून सहा-सात, ५० ग्रॅम पनीरमधून नऊ, दोन अंड्यांतून बारा आणि ३० ग्रॅम सोयाबीन वड्यांतून पंधरा ग्रॅमपर्यंत प्रथिने मिळतात. मासे खाणाऱ्यांचे काम सोपे आहे. बांगडा किंवा सुरमई १०० ग्रॅम घेतली की वीस ग्रॅम होतात, फक्त ती रवा लावून तेलात पोहू देऊ नये, तव्यावर थोड्या तेलात भाजावी किंवा आमटीत शिजवावी. शेंगदाणे मात्र जपून. १०० ग्रॅम शेंगदाण्यांत २५ ग्रॅम प्रथिने असतात हे खरे, पण सोबत साडेपाचशेहून अधिक कॅलरीही असतात.

ताट मांडताना अर्धे ताट भाजी आणि कोशिंबिरीचे, पाव ताट उसळ, घट्ट वरण, अंडी किंवा मासे यांचे आणि पाव ताट पोळी, भाकरी किंवा भाताचे असावे. भाकरी आणि भात एकाच जेवणात घेऊ नयेत, एवढा नियम पाळला तरी पुष्कळ झाले. भात वर्ज्य करण्याची गरज नाही. कोकणातल्या माणसाला भात सोडायला सांगणारा आहार दोन आठवडेही टिकत नाही.

आणि ज्वारीची भाकरी ‘वजन कमी करते’ म्हणून चार खाल्ल्या तर त्या चार भाकरीच असतात.

७. उपास, चहा आणि ग्लास

चतुर्थी, एकादशी, सोमवार, नवरात्र असे धरले तर अनेक घरांत महिन्यातून पाच-सहा उपास सहज होतात, आणि ते वजन कमी करण्यास मदत करतात अशी समजूत असते. साबुदाण्याच्या खिचडीची एक ताटली उलगडून पाहा: ७० ग्रॅम साबुदाणा, २५ ग्रॅम दाण्याचा कूट, दीड मोठा चमचा तूप आणि अर्धा बटाटा. एकूण सहाशेच्या घरात कॅलरी आणि सहा-सात ग्रॅम प्रथिने, तीही जवळजवळ सगळी शेंगदाण्यांतली. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट, त्यामुळे दोन तासांत पुन्हा भूक लागते आणि मग बटाट्याचा चिवडा समोर येतो. उपास श्रद्धेने करत असाल तर जरूर करावा, पण राजगिऱ्याची भाकरी, थोडी भगर, दह्यातली काकडी, उकडलेले रताळे, ताक, दूध आणि एखादे फळ यांवर तो निभवावा. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपासाच्या दिवशी मात्रा किती घ्यायची, हे आधीच विचारून ठेवावे.

डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगतात ती दिवसातून दोनदाच, पंचावन्न मिनिटांच्या आत जेवण्याची पद्धत महाराष्ट्रात घरोघरी माहीत आहे. तिची मूळ कल्पना डॉ. श्रीकांत जिचकार यांची. मधल्या वेळचे चरणे हीच ज्यांची अडचण आहे, त्यांना ती सोयीची पडते, कारण तिचा नियम पाळायला सोपा आहे. परंतु त्या दोन जेवणांत प्रथिने नसतील आणि गोडधोड भरपूर असेल, तर नुसत्या वेळा बदलून काही साधत नाही. साखर उतरवणारी औषधे चालू असताना ही पद्धत डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नये, कारण साखर एकदम खाली जाण्याचा धोका असतो.

चहाचा हिशेब छोटा आहे. दिवसातून पाच कप, प्रत्येकी दोन चमचे साखर, म्हणजे ५० ग्रॅम साखर आणि २०० कॅलरी. महिन्याला अर्धा-अर्धा चमचा कमी करत गेल्यास जिभेला पत्ता लागत नाही. दारू घेणाऱ्यांनी ६० मिलिलिटर व्हिस्कीच्या सुमारे १४० कॅलरी आणि बिअरच्या मोठ्या बाटलीच्या सुमारे पावणेतीनशे कॅलरी वहीत लिहाव्यात, आणि सोबतचा चकणा विसरू नये. यकृतावर चरबी आढळली असेल तर दारू थांबवणेच योग्य.

सणांविषयी एवढेच: गणपतीत मोदक खावेत, दिवाळीत फराळ खावा, तो फराळ डब्यांत उरून देवदिवाळीपर्यंत पुरणार नाही, एवढाच बेताने करावा.

८. चालणे पुरेसे नाही, ताकदीचा व्यायाम हवा

आठवड्याला किमान दीडशे मिनिटे मध्यम वेगाची हालचाल आणि किमान दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. पहिला भाग आपण चालून पुरा करतो, दुसरा बहुतेकजण सोडून देतात. अर्धा तास चालल्याने जेमतेम सव्वाशे-दीडशे कॅलरी खर्च होतात आणि परतताना घेतलेला एक बटाटेवडा ती भरून काढतो. म्हणून वजन उतरवण्याचे मुख्य काम ताटात होते, आणि व्यायामाने स्नायू, सांधे, साखर आणि झोप सांभाळली जाते, असे समजून चालावे.

सुरुवात शतपावलीने करावी. प्रत्येक मोठ्या जेवणानंतर दहा मिनिटे चालल्याने जेवणानंतरची साखर कमी चढते. दोन आठवड्यांनंतर सकाळचे वीस मिनिटांचे चालणे वाढवावे; वेग असा असावा की बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही.

ताकदीसाठी व्यायामशाळेत जायलाच हवे असे नाही. दिवसाआड वीस मिनिटे पुढील पाच गोष्टी घरी कराव्यात: हात न टेकता खुर्चीवरून उठबस, भिंतीला हात लावून जोर, पाठीवर झोपून कंबर वर उचलणे म्हणजे आपले सेतुबंधासन, टाचा उचलून पंजांवर उभे राहणे, आणि रबरी पट्टा दाराच्या कडीला अडकवून मागे ओढणे. प्रत्येकी आठ-दहा वेळा, दोन फेऱ्या. शेवटच्या दोन खेपांना जोर लागला पाहिजे. सहज होऊ लागले की खुर्ची ठेंगणी घ्यावी किंवा पाठपिशवीत पाण्याच्या बाटल्या भराव्यात. जोर लावताना श्वास रोखू नये, रक्तदाब असलेल्यांनी तर मुळीच नाही. सूर्यनमस्कार उत्तमच, पण पोट मोठे आणि मनगटे कच्ची असताना एकदम बारा घालू नयेत.

व्यायाम करताना छातीवर दाब येणे, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ जाणे, नेहमीपेक्षा वेगळी धाप लागणे किंवा डोळ्यांपुढे अंधारी येणे यांपैकी काही झाले तर तिथेच थांबून ताबडतोब रुग्णालय गाठावे. ‘ॲसिडिटी असेल’ म्हणून घरी परतू नये.

९. वजन उतरू लागल्यावर औषधांकडे पाहा

हा सापळा फार थोड्या लोकांना ठाऊक असतो. चार-पाच किलो गेल्यावर रक्तदाबाच्या आणि साखरेच्या औषधांची जुनी मात्रा जास्त होऊ लागते. अंथरुणातून उठताना चक्कर, दुपारी घाम फुटून हातपाय थरथरणे ही त्याची चिन्हे. अशा वेळी रक्तदाब आणि साखर मोजून आकडे घेऊन डॉक्टरांकडे जावे आणि मात्रा त्यांच्याकडूनच कमी करून घ्यावी. एचबीए१सी मागील सुमारे तीन महिन्यांची सरासरी सांगते, म्हणून ती तपासणी तीन महिन्यांआधी पुन्हा करण्यात पैसे घालवू नयेत.

१०. काटा अडला तर

दोन-तीन महिन्यांनंतर वजन एका जागी थांबते. हलक्या शरीराला ऊर्जा कमी लागते, हे एक कारण. मापाचा चमचा केव्हाच ओट्यामागे पडलेला असतो, हे दुसरे आणि अधिक वेळा आढळणारे कारण. आधी कंबर मोजावी. कंबर उतरत असेल तर चरबी जात आहे, काट्याकडे दुर्लक्ष करावे. कंबरही अडली असेल तर पुन्हा एक आठवडा चौथी पायरी करावी. तरीही काही सापडले नाही तर दोन आठवडे वजन आहे तिथेच राहील इतके खाऊन मग पुढे जावे. जेवण आणखी तोडण्याचा मोह मात्र टाळावा.

११. पैसे घेणारे मार्ग

महिन्यात दहा किलोची हमी देणारी केंद्रे, कंबरेला गुंडाळायचे घाम आणणारे पट्टे, ‘चरबी वितळवणारे’ काढे आणि पावडरी यांच्यापासून दूर राहावे. पट्ट्याने फक्त पाणी जाते. पावडरींचा धोका त्याहून मोठा आहे: हृदयाला घातक म्हणून भारतासह अनेक देशांनी बंद केलेले सिब्युट्रामिन हे औषध ‘पूर्णपणे वनौषधी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या उत्पादनांत वेळोवेळी सापडले आहे. आमच्या ओळखीतल्या एका बाईंनी एका केंद्राला सहा महिन्यांचे पैसे आगाऊ भरले आणि दुसऱ्या महिन्यात पित्ताशयाच्या दुखण्याने सोडावे लागले, तेव्हा पैसे परत देण्याची तरतूद करारात नाही असे त्यांना सांगण्यात आले. पैसे भरण्यापूर्वी करार घरी आणून वाचावा, आणि सल्ला देणाऱ्याची पदवी विचारावी. ‘वेलनेस कोच’ ही पदवी नव्हे.

सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपाटाइड ही इंजेक्शने याच प्रकारात मोडत नाहीत. ती खरी औषधे आहेत, २०२५ पासून वजनासाठी भारतात अधिकृतपणे मिळू लागली आहेत आणि योग्य रुग्णांत चांगला परिणाम देतात. पण मळमळ, बद्धकोष्ठता, क्वचित पित्ताशयाचा किंवा स्वादुपिंडाचा त्रास हे त्यांचे दुष्परिणाम आहेत, आणि औषध थांबवल्यावर गेलेल्या वजनाचा मोठा भाग परत येतो. भूक मेल्यामुळे प्रथिने आणि व्यायाम सुटले तर स्नायूही जातात, म्हणजे सहावी आणि आठवी पायरी इंजेक्शन घेणाऱ्यालाही चुकत नाही. लग्नाआधी पाच किलो उतरवण्यासाठी औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय ती आणू नयेत.

१२. उतरलेले वजन टिकवताना

ध्येय गाठल्यावर खाणे हळूहळू थोडे वाढवावे: पहिल्या पंधरवड्यात दिवसाला अर्धी भाकरी किंवा एक फळ अधिक, मग काट्याकडे पाहून पुढे. तेलाचा हिशेब आणि ताकदीचा व्यायाम कायम ठेवावा, वही बंद केली तरी चालेल. कंबर महिन्यातून एकदा, ठरलेल्या तारखेला मोजावी. वीजबिल येते ती तारीख सोयीची. स्थिरावलेल्या कंबरेत दोन सेंटिमीटरची वाढ सलग दोन महिने दिसली, तर पाच सेंटिमीटर होण्याची वाट न पाहता वही पुन्हा उघडावी. पहिल्या पायरीतील तपासण्या वर्षातून एकदा कराव्यात आणि नवे अहवाल जुन्यांच्या गठ्ठ्यात तारखेनुसार लावून ठेवावेत.